अविज्ञात गर्भ

सोनोग्राफी केंद्र गडहिंग्लजचे असो, कोल्हापूरचे असो की मुंबईचे, त्याच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी असतेच. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, ते करणे कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाची. दवाखान्यातल्या बाकीच्या पाट्या तिथे काय मिळते ते सांगतात. ही एकच पाटी काय मिळणार नाही ते सांगते. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नवल आपल्याला जाणवत नाही. यंत्राला दिसते, डॉक्टरला कळते, आणि तरीही ते बोलायचे नाही. जाणून घेण्यावर बंदी घालणारे कायदे जगात फार नाहीत. हा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये.

आईच्या पोटात (आणि आता पोटाबाहेर, काचेच्या बशीत) जे अगदी सुरुवातीचे मानवी अस्तित्व असते, त्याच्याशी आपण कसे वागावे? या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांत गेली पन्नास वर्षे मोठा वाद चालू आहे. तिथे वादाचा कणा एकच आहे : भ्रूण ही व्यक्ती आहे की नाही? आपल्याकडच्या परंपरेत, कायद्यात आणि चळवळीत मी हा प्रश्न शोधत गेलो, तेव्हा तो त्या रूपात क्वचितच भेटला. आपल्याकडे प्रश्न वेगळा विचारला गेला : किती दिवस झाले, कोणाला कळले, आणि कळल्यावर कोणी काय केले? या तीन धाग्यांचा इतिहास मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिवस आणि महिने

मराठी भाषेपासूनच सुरुवात करू. बाईला 'दिवस जातात', 'दिवस राहतात'. मूल 'झाले' असे आपण सुरुवातीला म्हणत नाही, 'दिवस' म्हणतो. पहिले तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये हा घरोघरचा दंडक. तिसऱ्या महिन्यात ओटी भरतात तीही गाजावाजा न करता. म्हणून तिचे नाव चोरओटी. पाचव्या-सातव्या महिन्यात मात्र डोहाळजेवण होते, फुलांची वाडी भरतात, पाळणा सजतो, गल्लीला कळते. म्हणजे समाजाच्या लेखी हा जीव एका क्षणात येत नाही. तो पायरीपायरीने येतो आणि पायरीपायरीनेच त्याची दखल घेतली जाते.

'डोहाळे' हा शब्दही असाच बोलका आहे. त्याचे मूळ संस्कृत 'दोहद' या शब्दात आहे आणि त्याची परंपरागत फोड दोन हृदये असलेली स्त्री या कल्पनेपर्यंत जाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या वाढीचे महिन्यामहिन्याने वर्णन आहे. पहिल्या महिन्यात तो 'कलल', म्हणजे चिकट द्रवासारखा. चौथ्या महिन्यात अवयव स्पष्ट होतात, हृदय व्यक्त होते, आणि हृदय हे चेतनेचे स्थान असल्याने गर्भाला इच्छा होऊ लागतात, त्या आईच्या तोंडून बोलतात. आपण जिला 'दोन जिवांची' म्हणतो ती हीच. पण याच आयुर्वेदाच्या मते जीवाचा संयोग गर्भधारणेच्या वेळीच झालेला असतो. म्हणजे जीव पहिल्या दिवशी, चेतना व्यक्त होते ती चौथ्या महिन्यात. आजच्या वादात एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या दोन भूमिका तिथे एकाच ग्रंथात शेजारी नांदत होत्या.

धर्मशास्त्रातही हाच पायऱ्यांचा हिशेब दिसतो. चार महिन्यांपर्यंत गर्भ गेला तर तो स्राव, पाचव्या-सहाव्यात गेला तर पात, त्यानंतर प्रसूती, अशी विभागणी पराशरस्मृतीत आहे. स्रावाचे अशौच आईला, तेही जितके महिने तितक्या रात्री. जन्मलेले पण दोन वर्षांच्या आतले मूल गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात, ही चाल तर आपण पाहिलेली आहे. शोकालाही पायऱ्या होत्या. पहिल्या दिवसांत गेलेल्या गर्भाला ना नाव, ना पिंड, ना दहावा. पण त्या बाईला काही रात्री वेगळे बसू देत. काहीतरी गेले आहे हे घराने कबूल केलेले असे.

न कळलेल्याचे संरक्षण

आता या लेखाच्या शीर्षकाकडे वळतो. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा विचार आहे. त्या वाटेने स्मृतींकडे गेले की एक शब्द थांबवतो : 'अविज्ञात गर्भ'. गौतम धर्मसूत्रात आणि मनुस्मृतीत, मुलगा की मुलगी हे ज्याचे कळलेले नाही अशा गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त सांगितले आहे. ब्रह्महत्या म्हणजे महापातक. एवढ्याशा न जन्मलेल्या गर्भाला एवढे मोठे संरक्षण का? टीकाकारांनी कारण लपवून ठेवलेले नाही. तो ब्राह्मण पुरुष असू शकेल म्हणून. लिंग कळलेले असेल तर प्रायश्चित्तही त्या लिंगाप्रमाणे आणि वर्णाप्रमाणे बदलते.

हे वाचताना अभिमान वाटावा की लाज, हे ठरवणे कठीण आहे. संरक्षण आहे, पण ते मुलीसाठी नाही. मुलगा असण्याच्या शक्यतेसाठी आहे. मुलीला ते मिळत होते ते केवळ आडपडद्यामुळे. जोवर कळत नाही तोवर मुलीचा गर्भ मुलाच्या गर्भाइतकाच मोलाचा. कळले की भाव बदलला. स्मृतिकारांच्या काळी हे कळण्याचे साधन नव्हते, म्हणून हा नियम बहुतेक सगळ्या गर्भांना झाकत होता. पुढे साधन आले तेव्हा काय होणार, हे त्या एका शब्दात लिहून ठेवलेले होते.

निवडीची हौस मात्र साधनाची वाट पाहत थांबली नव्हती. सोळा संस्कारांतला पुंसवन हा संस्कार गर्भधारणेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, गर्भ हालू लागण्याआधी करायचा. आश्वलायन गृह्यसूत्रात तो तिसऱ्या महिन्यात सांगितला आहे. स्त्रीला दह्यात दोन उडीद आणि एक जव घालून द्यायचे. हेतू नावातच आहे : पुत्र व्हावा. वैद्यकाच्या ग्रंथांतही पुंसवनाचे विधी आले. २०१७ मध्ये आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमातल्या या भागावरून महाराष्ट्रात वाद झाला, तेव्हा अनेकांना तो नवा वाटला. वाद नवा होता, विधी दोन हजार वर्षांहून जुना. दही-उडदाने काही होत नव्हते म्हणून कोणाचे नुकसान झाले नाही, इतकेच.

साहेबाचा कायदा आणि पुण्यातले एक घर

इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता आणली. तिच्या ३१२ व्या कलमाने, आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात करणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण स्त्रीला गर्भाची हालचाल जाणवू लागलेली असेल तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे साहेबानेही पायरीच मानली. ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात १ जुलै २०२४ पासून जवळजवळ तशीच पुढे आली आहे. आपण कायद्यांची नावे बदलली. हालचालीची ती जुनी रेघ तशीच ठेवली.

या कायद्याचा वरवंटा फिरला तो विधवांवर. पुनर्विवाह करायचा नाही, आणि घरातल्या कोणा पुरुषाकडून दिवस गेले तर गर्भ पाडायचा किंवा मूल मारायचे. पकडली गेली तर तुरुंग किंवा काळे पाणी. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशा बायकांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तिथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतले, तो यशवंत. शिकून डॉक्टर झाला. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा बालहत्येचा खटला गाजला आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला दोष दिला, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून १८८२ मध्ये त्याला उत्तर दिले.

फुले दांपत्याच्या त्या घराचा आपल्या विषयाशी संबंध काय? त्यांनी गर्भाचे हक्क काय, आत्मा केव्हा येतो, असला वाद घातला नाही. ज्या परिस्थितीमुळे बाई गर्भ संपवते, ती परिस्थिती बदलली. शिक्षा सांगणारा कायदा पुस्तकात होता. दार उघडणारे घर या दोघांनी दिले. गर्भाचा मान राखायचा तर आधी त्या बाईचा राखावा लागतो, हा धडा इथला आहे.

तोच धडा शंभर वर्षांनी कायद्यात उतरला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. १९६४ मध्ये केंद्राने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, बारा ते वीस आठवड्यांसाठी दोघांचे. पुन्हा पायऱ्याच. २०२१ च्या दुरुस्तीने त्या वर सरकल्या : वीस आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, आणि ठरावीक स्त्रियांसाठी चोवीसपर्यंत दोन.

बशीतला गर्भ

इथपर्यंतच्या साऱ्या रेघा एका गोष्टीवर उभ्या होत्या : गर्भ बाईच्या पोटात आहे. हालचाल तिला कळते, पाळी तिची चुकते, ओटी तिची भरतात. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि हा पाया हलला. अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली. त्यांनी तर भ्रूण आधी गोठवला होता आणि ५३ दिवसांनी आईच्या गर्भाशयात सोडला होता. सरकारी चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून आणखी एक मुलगी जन्मली. परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार हे या प्रयोगातले शास्त्रज्ञ. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचा गौरव झाला. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि १९९७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये जाहीरपणे लिहिले, की पहिलेपणाचा मान आमचा नाही, त्यांचा आहे. स्वतःच्या नावावर लागलेला मान असा परत करणारा माणूस विरळा.

बशीतल्या भ्रूणाचे रूप कसे असते? तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी. पाचव्या दिवशी शंभरच्या आसपास पेशींचा पोकळ गोळा, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. आईच्या पोटात असता तर अजून गर्भाशयाला चिकटलाही नसता, पाळी चुकायला अजून अवकाश असता. आपल्या परंपरेतली कोणतीच पायरी इतकी खालची नाही. पहिल्या महिन्यातल्या 'कलल' अवस्थेच्याही तो अलीकडचाच भाग. आणि तरी तो आता दिसतो, मोजता येतो, उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे ठेवता येतो आणि त्याची एक-दोन पेशी काढून तो मुलगा की मुलगी हेही वाचता येते. अविज्ञात असे काही उरलेले नाही.

निवड की हत्या?

त्याआधीच, सत्तरच्या दशकात, गर्भजल तपासणीने पोटातला पडदा दूर केला होता. व्यंग ओळखण्यासाठी आलेले तंत्र मुलगी ओळखण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९७८ मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानाला बंदी केली आणि धंदा खासगी दवाखान्यांत गेला. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ लिंगनिदानासाठी ही चाचणी करत होते. याच सुमारास मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र येऊन लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला. त्याच्या रेट्यातून महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा झाला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, १९९६ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला.

या चळवळीपुढे एक कठीण वैचारिक पेच होता. तिच्यातल्या बहुतेक बायका गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने होत्या. मग बाईने गर्भपात केला तर चालेल, पण मुलगी आहे म्हणून केला तर चालणार नाही, हे कसे? विरोधक हाच प्रश्न विचारत. त्याचे उत्तर त्यांनी एका शब्दावर आक्षेप घेऊन दिले. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द वर्तमानपत्रांत, भिंतींवर, शाळांच्या निबंधांत रूढ झाला, पण चळवळीतले अनेक जण तो टाळण्याचा आग्रह धरत. 'गर्भलिंगनिवड' म्हणा असे सांगत. कारण 'हत्या' म्हटले की प्रत्येक गर्भपात खून ठरतो आणि आरोपी म्हणून उभी राहते ती बाईच. अन्याय गर्भावर झाला की नाही यावर वाद होऊ शकतो. पण तुझ्यासारखी नको, म्हणून जी निवड होते ती जिवंत असलेल्या प्रत्येक मुलीचा, प्रत्येक बाईचा अपमान असते. यावर वाद नाही.

भ्रूणाच्या नीतीविषयी आपल्याकडून जगाला काही सांगण्यासारखे असेल तर ते हेच, असे माझे मत आहे. भ्रूण व्यक्ती आहे हे सिद्ध न करताही त्याच्याशी काही प्रकारे वागणे चूक ठरते.

ही गोष्ट न्यायालयातही तपासली गेली. मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या धडपडीतून कायद्यात दुरुस्ती झाली, ती फेब्रुवारी २००३ पासून लागू झाली, आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. याच दुरुस्तीने व्याख्या दिल्या : फलनापासून ५६ दिवसांपर्यंत भ्रूण, ५७ व्या दिवसापासून गर्भ. वाढ थांबवून ठेवलेला काळ यात धरायचा नाही, असेही कायदा सांगतो. गोठलेल्या भ्रूणाचे वय वाढत नाही!

यानंतर दोन जोडपी वेगवेगळ्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २००५ च्या खटल्यात, मूल कोणत्या लिंगाचे असावे हे ठरवणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे म्हणणे होते. २००७ च्या खटल्यातल्या जोडप्याला दोन मुली होत्या, तिसरा मुलगा हवा होता; गर्भधारणेआधीच निवड केली तर कोणाचा गर्भ पाडावा लागत नाही, मग हरकत का, असा त्यांचा सवाल. सवाल वरवर बिनतोड आहे. पाप हत्येत असेल तर इथे हत्याच नाही. न्यायालयाने दोन्ही याचिका फेटाळल्या. २००७ च्या निकालाचा रोख स्पष्ट होता : अशी निवड स्त्रीच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहे. म्हणजे दोष मारण्यात नाही, निवडण्यात आहे.

आणि हे सारे आमच्यापासून लांब नव्हते. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ९१३ मुली होत्या. कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. ऊस, दूध, सहकार, शाहू महाराजांचा वारसा, सगळे असलेला हा जिल्हा. पैसा आणि रस्ते असले की यंत्रापर्यंत लवकर पोचता येते, हाही प्रगतीचाच एक अर्थ. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण जोडले गेले, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे. डॉक्टर बोलत नाही याची खात्री करायला दुसरे यंत्र.

आता स्मृतीतला तो शब्द पुन्हा आठवावा. १९८८ च्या कायद्याने केले काय? विज्ञानाने हटवलेला पडदा पुन्हा ओढला. गर्भाला परत अविज्ञात केले. नियम जुनाच, कारण मात्र उलटे : तेव्हा तो मुलगा असेल म्हणून जपायचा, आता ती मुलगी असेल म्हणून.

मुंबईतले सात वंश

ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले, की भ्रूणापासून काढलेल्या स्टेम सेलवरच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल, पण त्या दिवसापर्यंत जे पेशींचे वंश तयार झाले असतील त्यांच्यापुरताच. वंश म्हणजे एका भ्रूणापासून काढून प्रयोगशाळेत अखंड वाढवत ठेवलेल्या पेशी. त्या काढताना भ्रूण संपतो. मग अशा वंशांची जगभरची यादी निघाली. एकूण ६४. त्यांत ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे आणि ३ बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे. पुढे त्या ६४ पैकी विसाच्या आसपासच प्रत्यक्ष संशोधकांच्या हाती पडले. त्यांत भारतातला एकही नव्हता.

अमेरिकेत त्या उन्हाळ्यात वाद झाला तो भ्रूण व्यक्ती आहे की नाही यावर. इथे विचारण्याजोगा प्रश्न वेगळा होता : हे भ्रूण कोणाचे, कोणाच्या उपचारातून उरलेले, आणि देताना त्या बाईला नीट समजावून विचारले गेले होते का? त्या वेळी भारतात स्टेम सेलसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे नव्हती. ती २००७ मध्ये आली. त्यांत भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही अशी मर्यादा आहे. ही मर्यादा मूळ ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीची, १९८४ ची. साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी भ्रूणात पुढच्या शरीराची पहिली रेघ उमटते आणि त्यानंतर एकाचे दोन होऊन जुळे होण्याची शक्यता संपते. समितीला सर्वांचे एकमत होईल असे उत्तर सापडणे शक्य नव्हते. सर्वांना पाळता येईल अशी रेघ तिने काढली. पराशराच्या महिन्यांपासून वॉर्नॉकच्या दिवसांपर्यंत माणसाने हेच केले आहे. निसर्ग रेघ काढत नाही, काढतो आपण. म्हणून ती कोणासाठी काढली हे विचारत राहावे लागते.

दहा वर्षे

भारताचा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा डिसेंबर २०२१ मध्ये संमत झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतो. त्यानंतर त्याला नष्ट होऊ द्यायचे, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. उरलेला भ्रूण दुसऱ्या जोडप्यासाठी वापरता येत नाही. विक्री गुन्हा, लिंगनिवड गुन्हा. जनुकीय तपासणी फक्त आनुवंशिक आजारासाठी.

कायद्याची भाषा अशी कोरडी असते. घरात तिचा अर्थ वेगळा होतो. माझ्या नात्यातल्या एका जोडप्याला या उपचारातून एक मुलगी झाली. तीन भ्रूण उरले, गोठवून ठेवले. दर वर्षी साठवणुकीचे पैसे भरण्याची वेळ आली की घरात शांतता पसरते. दुसरे मूल नको हे दोघांचे ठरलेले आहे. मी असले काहीबाही वाचतो हे ठाऊक असल्याने सुनेने एकदा विचारले, "काका, पैसे भरायचे का न्हाई ते आम्ही बघू. पण ती तिघं आमची कोण?"

याचे तयार उत्तर ना स्मृतीत आहे, ना कायद्यात. ती तिची मुले आहेत असे म्हणावे, तर मुलीसाठी करते त्याच्या शतांशही तिला त्यांच्यासाठी करता येणार नाही. नैसर्गिक गर्भधारणेतही कितीतरी भ्रूण चिकटण्याआधीच जातात, बाईला कळतही नाही. त्या सर्वांना व्यक्ती मानले तर प्रत्येक घर कायमच्या सुतकात राहील. ते काहीच नाहीत, पेशींचे ठिपके आहेत असे म्हणावे, तर मग ती दर वर्षी पैसे का भरते? नको असलेल्या वस्तूचे भाडे कोणी भरत नाही.

मी तिला चोरओटीची गोष्ट सांगितली. आपल्या आज्या-पणज्यांना हे मधले ठिकाण ठाऊक होते. जे अजून कोणी झालेले नाही पण होऊ शकले असते, त्याचे नाव ठेवायचे नाही, पण ओटी भरायची. ते गेले तर दहावा नाही, पण काही रात्री आपल्या. तिने काय ठरवले ते मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आणि तिच्या नवऱ्याचा विषय आहे.

माझ्यापुरता निष्कर्ष मात्र सांगतो. भ्रूणाला माणसाचे सगळे हक्क द्यावेत असे आपला इतिहास सांगत नाही. आणि दिले तर त्याचा पहिला फटका बाईलाच बसतो, हे ३१२ व्या कलमाखाली भरडल्या गेलेल्या विधवांनी दाखवले आहे. पण त्याला माल समजावे असेही तो सांगत नाही. लिंग पाहून भ्रूण निवडणे, विकणे, न विचारता वापरणे यांत गैर आहे ते यासाठी, की त्यातून आपण जन्मलेल्या माणसांशी कसे वागतो ते उघडे पडते. आणि निर्णय न घेता टाकीत पडू देणे हीदेखील मला हेळसांडच वाटते. दहा वर्षांच्या मर्यादेचा खरा उपयोग भ्रूण नष्ट करणे हा नाही. कोणीतरी आठवणीने निर्णय घ्यावा हा आहे.

कायदा लागू झाला त्या दिवशी गोठवलेल्या भ्रूणांची दहा वर्षे जानेवारी २०३२ मध्ये भरतील. त्या आधी करण्याजोगी कामे साधी आहेत. संमतिपत्र कळेल अशा मराठीत हवे, आणि आमच्यासारख्या सीमाभागात कन्नडमध्येही. उपचाराच्या घाईत, मूल होईल की नाही या धास्तीत असताना घेतलेली सही पुरेशी मानू नये. मूल झाल्यावर, मन निवांत असताना पुन्हा विचारावे. नवऱ्यासमोर, सासूसमोर नव्हे, बाईला एकटीला विचारावे. नष्ट करायचे ठरले तर कधी केले ते तिला कळवावे, म्हणजे तिला वाटलेच तर त्या काही रात्री तिला तिच्या रीतीने पाळता येतील.